नळाला जोराचं पाणी

नळाखाली बादली लावली आणि नेहमीसारखी मी गॅसकडे वळले, तोच मागे असा आवाज झाला की वाटलं, कुणी भिंतीला पहारच घातली. वळून बघते तर नळाला मनगटाएवढी धार. बादली भरून वाहत होती, पाणी फरशीवरून दाराकडे निघालं होतं आणि मी नुसती बघत उभी. आमच्या गल्लीत नळाला करंगळीएवढी धार येते. ती लावून ठेवायची, चहा उकळायचा, वेणी घालायची, एखाद्याला मनातल्या मनात चार शब्द सुनवायचे, तेव्हा कुठे बादली भरते. माझी सगळी सकाळ त्या करंगळीच्या मापानं बेतलेली आहे. सून धावत आली, "आई, बंद करा ना नळ!" म्हणाली आणि स्वतःच तिनं तो बंद केला. मग आम्ही दोघी त्या ओल्या फरशीवर उभ्या राहून एकमेकींकडे बघत राहिलो. ती हसली. मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चावीवाल्याची सुनावणी होती आणि ती ऐकायला बसणाऱ्या तिघांत मी एक होते.

चावीवाला म्हणजे आमच्या भागाला पाणी सोडणारा नगरपालिकेचा माणूस. खांद्यावर लोखंडी चावी, त्याच्या छातीएवढी उंच, वर आडवी मूठ. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी झाकण आहे, ते उचलून चावी आत सोडायची आणि दोन्ही हातांनी, जात्याच्या खुंट्याला जोर लावावा तशी, फिरवायची. मी नोकरीत होते तेव्हापासून तो हे करत आलाय. मागच्या निवडणुकीत नगराध्यक्षांच्या मिरवणुकीला सगळ्या बाहेरच्या कामगारांनी यायचं असं वरून तोंडी फिरलं. हा गेला नाही. म्हणाला, "मी ट्रकात चढलो तर पाणी कोण सोडणार?" अध्यक्ष निवडून आले आणि गुलाल पुरता धुतला जायच्या आत याची बदली कोंडवाड्यावर झाली. आता तो मोकाट जनावरांना पाला घालतो. बदलीच्या हुकमात कारण दिलं होतं, खालच्या भागात पाणी कमी दाबानं येतं, कामात हयगय. खालचा भाग म्हणजे आमची गल्ली. म्हणजे माझ्याच बादलीच्या नावानं त्याला हाकललं होतं म्हणायचं.

पूर्वी अशा वेळी माणूस गप्प बसायचा, नाहीतर कुणाचे तरी पाय धरायचा. आता नियम आला आहे, शिफारशीवर नोकरी नाही आणि सूड म्हणून बदली नाही. ज्याला तसं वाटेल त्यानं समितीपुढे यावं. समितीत एक निवृत्त हेडमास्तर अध्यक्ष, एक नगरपालिकेचा हिशेब अधिकारी आणि एक कामगारांनी मतं देऊन निवडलेली मी. आस्थापना विभागात जन्म घालवलेली म्हातारी, हिला सगळ्या खोड्या ठाऊक, असं त्यांना वाटलं असावं. शिवाय एक राखीव सभासद, सरकारी दवाखान्यातल्या जुन्या मेट्रनबाई. तिघांपैकी कुणाचा कुठल्या बाजूशी संबंध निघाला, कुणाला कसला लाभ झाला, की त्यानं तो उघड सांगून उठायचं आणि राखीवानं बसायचं. मी त्या गल्लीत राहते हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. हेडमास्तर म्हणाले, "बाई, अर्धं गाव त्याच पाण्यावर जगतंय. मग सुनावणीला काय वाळवंटातून माणसं आणू?"

पण आता ही मनगटाएवढी धार आली होती. चहाचा घोट घेतला तर तो कडू लागला. कुणी उघडली असेल ती चावी? सून डबा भरता भरता म्हणाली, "आई, पाणी आलं तर आलं. त्यातही तुम्हाला कुठेतरी पाणी मुरताना दिसतंय." मी म्हटलं, "मुरतंय कुठं, वाहतंय." ती नगरपालिकेच्याच दवाखान्यात रक्त तपासते, करारावर. करार या महिन्यात संपतो. परवा तिथं पाणीपुरवठ्याचे इंजिनिअरसाहेब स्वतः येऊन रक्त देऊन गेले होते, आणि जाताना तिला म्हणाले होते, "सासूबाईंना विचारलंय म्हणून सांगा." एवढंच. सुनेनं ते मला हसत सांगितलं होतं. तेव्हापासून ते वाक्य माझ्या कानात खड्यासारखं अडकलं होतं. विचारलंय म्हणजे नेमकं काय विचारलंय? ज्या माणसानं चावीवाल्याच्या बदलीची शिफारस केली, जो उद्या समोर बसून त्याच्या हयगयीचा पाढा वाचणार, त्याला माझ्या तब्येतीची काळजी कशाला?

"तुला काही बोलला का तो? कराराचं?" मी विचारलं.

"नाही हो."

"नक्की?"

तिनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. "आई, माझ्या नोकरीसाठी तुम्ही काही सोडू नका आणि काही धरूही नका. आणि दर वेळी माझ्या तोंडाकडे अशा बघू नका. मी रोज रक्त तपासते, मला कळतं कोण काय तपासतंय ते."

ती गेली आणि मी ओली फरशी पुसत बसले. पुसताना डाव पुरता उलगडला. चावीवाला गेला आणि पाणी आलं, म्हणजे दोष त्याचाच, हे सिद्ध करायला यापेक्षा चांगला पुरावा कुठला? आणि तो पुरावा थेट माझ्या स्वयंपाकघरात. मी गप्प बसले तर पाणी प्यायलेली. उठून सांगितलं तर समितीबाहेर, आणि चावीवाल्याचा एकुलता एक आधार गेला. दोन्हीकडून त्यांचंच. अशी बुद्धी चालवणारा माणूस इंजिनिअर झाला यात नवल नाही. मला त्याचं कौतुकच वाटलं, जसं घरात चोरी झाल्यावर कुलूप किती सफाईनं उघडलंय याचं वाटतं.

संशय घेणं मी कुणाकडून शिकले हे मला माहीत आहे. आमचे हे ग्रंथपाल होते, नगरपालिकेच्या वाचनालयात, आता जिथं ही समिती बसते त्याच दालनात. उंच खिडक्या, त्या उघडायला लोंबणाऱ्या दोऱ्या, आणि दुपारी बाकांवर पडणारा उजेड इतका मऊ की पेन्शनर त्यात बसल्या बसल्या झोपायचे. ते कुणाला उठवत नसत. म्हणायचे, पुस्तकाच्या सोबतीनं झोपला तरी वाचकच तो. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी आस्थापनेतून सुटले की जिना उतरून वाचनालयात जायची आणि खिडक्या बंद करण्याचं काम माझं असायचं. दोरी ओढली की वरची काच हळूच खाली यायची आणि उजेड एका एका बाकावरून उठून जायचा. मग एका निवडणुकीनंतर कुणीतरी जाऊन नव्या अध्यक्षांना सांगितलं की ग्रंथपाल विरोधकांचं वर्तमानपत्र दर्शनी स्टँडवर लावतो आणि आपलं कोपऱ्यात. खरं तर ते ज्या क्रमानं येतील त्या क्रमानं लावत. बदलीचा हुकूम माझ्याच ट्रेमध्ये आला. हेडक्लार्कनं मसुदा ठेवला आणि माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत म्हणाला, "आज गेला पाहिजे." मी टाइप केला. 'प्रशासकीय सोयीसाठी', हे दोन शब्द माझ्या बोटांना इतके पाठ होते की नाव येईपर्यंत मशीन आपलं आपण चालत होतं. नावावर आले तेव्हाही थांबले नाही. एकही अक्षर चुकलं नाही. चुकलं असतं तर बरं झालं असतं असं पुढे कितीदा वाटलं. निदान कागदावर काहीतरी दिसलं असतं.

त्यांना जकात नाक्यावर टाकलं. ट्रकांच्या धुळीत बसून पावत्यांवर शिक्के मारायचे. धूळ त्यांनी सोसली, पण 'कुणी सांगितलं' हा प्रश्न त्यांना सोसला नाही. घरात रोज संध्याकाळी नकाशा विभागातला त्यांचा मित्र बुद्धिबळ खेळायला यायचा. आम्ही त्याला नकाशेवाले म्हणायचो. त्याचा आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं, शेजारची पोरं त्याच्या हसण्यावर घड्याळ लावायची. एके दिवशी ते पटाकडे बघत मला म्हणाले, "वर्तमानपत्रांचा क्रम रोज बघणारा माणूस एकच होता." त्या दिवसानंतर नकाशेवाले आले की ते आतल्या खोलीत जाऊन पडायचे आणि मी दारात सांगायची, "बरं नाहीये त्यांना." नकाशेवाल्यांनी पहिल्यांदा औषध विचारलं, मग डॉक्टर सुचवला, मग नुसतं "बरं" म्हणाले, मग आले नाहीत. त्यांनी सांगितलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. हे गेले तेव्हा नकाशेवाले फाटकाबाहेर उभे होते, छत्रीची मूठ दोन्ही हातांत धरून, आणि कुणी आत बोलवायची वाट बघत होते. मी खिडकीतून बघितलं. मनात आलं, आता तरी बोलवावं. आणि लगेच आलं, आला कशाला असेल?

दुसऱ्या दिवशी सकाळीही तशीच धार. सगळी गल्ली आनंदात. समोरची शिवणवाली पायऱ्या धूत होती. पाणी साठवायची सवय असलेली माणसं पाणी कशावरही ओतत होती. "काय मावशी, तुमची समितीत वर्णी लागली नि आमच्या नळाला पान्हा फुटला!" ती मोठ्यानं म्हणाली. गंमत म्हणूनच म्हणाली. पण मी तिच्याकडे असं पाहिलं असणार की तिनं झाडू खाली ठेवला. "अहो, मजा केली." म्हणजे गल्लीत बोललं जात होतं. मला वाटलं, ही बाई तरी आपल्या मनानं बोलली की तिच्याकडून कुणी बोलवून घेतलं?

वाण्याच्या दुकानात साबण घ्यायला गेले तर टेकडीवरच्या वसाहतीतली एक बाई त्याच्याशी तावातावानं बोलत होती. टेकडीवर मोठे लोक राहतात, अध्यक्षही तिथलेच. "काल आणि आज थेंब नाही चढला वर. टाक्या रिकाम्या. अध्यक्षांच्या बंगल्यावर बाहेरून टँकर मागवला, कुणाला सांगू नका!" वाणी म्हणाला, "नाही सांगत," आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मी साबण घेतला आणि बाहेर पडले. वास्तविक तिथंच मी थबकायला हवं होतं. कुठला इंजिनिअर अध्यक्षांची टाकी कोरडी करून माझी बादली भरेल? पण माझ्या मनात डाव पुरा मांडून झाला होता आणि त्यातलं एकही प्यादं मला आता हलवायचं नव्हतं. मी रस्ताभर इंजिनिअरला सुनवायची वाक्यं जुळवत चालले. 'साहेब, आधी माझ्या घरच्या पाण्याबद्दल बोलू आणि मग याच्या हयगयीबद्दल.' हे वाक्य मला फार आवडलं होतं. कितीतरी वर्षांपूर्वी, दुसऱ्याच कुणाला, ते म्हणायचं राहून गेलं होतं.

पालिकेचा जिना चढताना मला अजूनही जुनाच शाईचा नि ओल्या लाकडाचा वास येतो. वाचनालयाच्या दाराबाहेर लांब बाक आहे, वाचक पावसात आले की त्यावर छत्र्या ठेवायचे. त्या बाकावर चावीवाला बसला होता. धुतलेला सदरा, केस पाणी लावून बसवलेले, पण कोंडवाड्याचा वास त्याच्या अंगातून जात नव्हता हे त्यालाही कळत होतं, कारण तो भिंतीकडे सरकून बसला होता. मला बघून उठला.

"बसा, बसा," मी म्हटलं. सुनावणीआधी बोलायचं नाही असा दंडक आहे. मी पुढे निघाले.

"बाई," तो हळूच म्हणाला. "पाणी येतंय ना आता नीट?"

मी थांबले. त्याच्या चेहऱ्यावर एक ओशाळं, खुशीतलं हसू होतं, लेकरानं काहीतरी लपवून आणलेलं असावं तसं.

"तुम्ही?" मी म्हटलं.

"माझी स्वतःची चावी आहे ना घरी. ऑफिसची झिजलेली होती, मी लोहाराकडून आपली करून घेतली होती मागे. काल उजाडायच्या आत जाऊन दीड फेरा सोडला. नव्या पोराला काही कळत नाही अजून, त्याला वाटतं असंच असतं." त्यानं आजूबाजूला पाहिलं. "तुम्ही आमच्यासाठी बसणार. म्हटलं, माणसानं रिकाम्या हातानं कसं जायचं? आमच्याकडं द्यायला दुसरं आहे काय?"

काखेत कळसा म्हणतात तो हाच. सुनेच्या तोंडाकडे बघून झालं होतं, शिवणवालीच्या, वाण्याच्या, इंजिनिअरच्या. याच्याकडे बघायचं मनातही आलं नव्हतं, कारण हा आपला होता. मला त्याचा राग आला, आणि त्याच क्षणी त्याच्या पाण्यानं बसवलेल्या केसांकडे बघून तो पुरता धरताही येईना. जन्मभर त्यानं हेच पाहिलं होतं. नोकरी हवी तर काही द्या, नोकरी टिकवायची तर काही द्या, ट्रकात चढा, जयजयकार करा. आता न्याय मिळणार म्हटल्यावर त्यानं त्यालाही आधी पाणी पाजलं. आणि मी हे गिळलं तर? कुणाला कळणार होतं? तो सांगणार नाही, मी सांगणार नाही, इंजिनिअरला सुनवायचं वाक्य मात्र गिळावं लागेल. त्याची बदली रद्द करायला मी हात वर करीन, माणूस जनावरांतून माणसांत येईल. चांगल्या माणसासाठी केलेली शिफारस ती शिफारस नव्हेच, असं त्या हेडक्लार्कलाही वाटत असेल. वाचनालयाविरुद्ध जाऊन सांगणाऱ्यालाही वाटलं असेल.

आत गेले. दोघे सभासद बसले होते, इंजिनिअर समोर, पंख्याखाली. हेडमास्तरांनी चष्मा पुसला. मी बसले नाही.

"सर, मला एक उघड करायचंय. कालपासून माझ्या घरी नळाला जोराचं पाणी येतंय. ते याने स्वतः जाऊन सोडलंय, माझ्यासाठी. मला आत्ता बाहेर कळलं. मला उठावं लागेल."

चावीवाला माझ्या मागोमाग दारात आला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. ते बघणं मी ओळखलं. फाटकाबाहेर, छत्री धरून उभ्या असलेल्या माणसाचं ते बघणं होतं. इंजिनिअरनं प्रथमच खुर्चीला पाठ टेकली. "बघा," तो हेडमास्तरांना मऊपणानं म्हणाला, "आधी हयगय, आता तर परस्पर छेडछाड. आणि वर लाच." हिशेब अधिकाऱ्यानं पेन उघडलं. हेडमास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही बाहेर बसा. मेट्रनबाईंना बोलवा."

मेट्रनबाई खालीच होत्या, राखीव म्हणून दर वेळी येऊन पिशवीतलं विणकाम करत बसायच्या. माझ्या बाजूनं जाताना त्यांनी सुया पिशवीत खोचल्या आणि एकही शब्द विचारला नाही. दार बंद झालं. मी छत्र्यांच्या बाकावर बसले.

तिथं बसल्यावर मग वाण्याच्या दुकानातली बाई आठवली. टेकडीवर थेंब चढला नाही. दीड फेरा सोडला की खाली धबधबा आणि वर टाक्या कोरड्या. म्हणजे पाणी होतंच, नळ धड होते, खालच्या गल्लीची धार करंगळीएवढी ठेवली जात होती आणि ती यानं आपल्या मर्जीनं ठेवली असेल का? इतक्या वर्षांत? मी उठून दारापर्यंत गेले. हात कडीपाशी नेला. मग परत आले. मी आता समितीत नव्हते. आत जाऊन आपल्या माणसाच्या बाजूनं चार शब्द पेरायचे, हेच तर होऊ नये म्हणून मी उठले होते. बाकाच्या फळीला खाचा होत्या, छत्र्यांच्या टोकांनी पडलेल्या. मी त्यांवरून बोट फिरवत बसले. यातली एखादी नकाशेवाल्यांची असेल. आमच्या घरात आम्ही दोघांनी मिळून त्या माणसाचा इतका विचार केला, त्याच्या हसण्याचा, त्याच्या डोळ्यांचा, तो प्यादं कसं उचलतो याचा, पण त्याला समोर बसवून कधी एवढंही म्हटलं नाही, की बाबा, तू सांगितलंस का? हो म्हणाला असता, नाही म्हणाला असता. काहीतरी म्हणाला असता.

आत आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. इंजिनिअरचा संथ, न थांबणारा आवाज. हेडमास्तरांचं खोकणं. चावीवाल्याचा आवाज एकदाही नाही. मागच्या बैठकीतही त्यानं "मी माझं काम केलं" एवढंच म्हटलं होतं. सुनेचा करार मनात येऊन गेला. आता तो वाढला तर लोक म्हणतील, म्हातारी वेळेवर उठली, आणि नाही वाढला तर मी म्हणेन, उठूनही सूड घेतलाच. दोन्हीकडून मला झोप लागणार नाही एवढं खरं.

मग मेट्रनबाईंचा आवाज आला. त्यांना हळू बोलता येत नाही, जन्म वॉर्डात गेला.

"थांबा हो जरा साहेब. मला साधं सांगा. तुम्ही म्हणता यानं चावी फिरवली आणि धबाधबा पाणी आलं. म्हणजे पाणी होतं, पाइपही चांगला होता." मग आवाज वळला. "मग बाबा, इतकी वर्षं तू ते अर्धं बंद कशाला ठेवत होतास? तुला कुणी सांगितलं होतं?"

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं तर, हिला हे कुणी शिकवलं? मी खरोखरच मान वळवून पॅसेजमध्ये पाहिलं, जिन्यावर कुणी उभं आहे का, खाली विणकाम करताना हिच्याशी कोण बोललं असेल. पॅसेज रिकामा होता. खिडकीची सुटलेली दोरी तेवढी वाऱ्यानं हलत होती. ते माहीत असणारी मीच होते आणि मी तर तोंड उघडलं नव्हतं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला कळलं नाही म्हणून तिनं विचारलं होतं.

आत खुर्ची करकरली. मी नकळत उठून उभी राहिले होते. मग चावीवाल्यानं घसा साफ केला.

"साहेब समोरच बसलेत बाई," तो म्हणाला. "त्यांनाच विचारा."